जवळचं वाचायचं कार्ड

औषधाच्या दुकानातल्या ताईंना मी दिलेला चष्मा पाऊण नंबराने चुकला. चूक माझी. त्या चुकीत माझ्या मामांचा आणि त्यांच्या एका कार्डाचाही वाटा होता असं पुढे निघालं, पण तपासणीच्या चिठ्ठीवर सही माझी होती, तेव्हा आधी माझं सांगतो.

ताई सत्तेचाळीस वर्षांच्या. आमच्या चष्म्याच्या दुकानापासून चार दुकानं सोडून औषधाचं दुकान आहे, तिथे अठरा वर्षं काउंटरवर. चाळिशी लागलेलीच होती, पण अक्षरं हातभर लांब धरून त्यांनी ती बरीच वर्षं रेटली. शेवटी हात अपुरा पडायला लागला तेव्हा आल्या. मी तपासणीच्या चौकटीत अधिक एकची भिंगं घातली, जवळचं वाचायचं कार्ड हातात दिलं आणि वाचा म्हटलं. ताईंनी वरच्या टपोऱ्या ओळीपासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत कुठेही न अडखळता वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला आवाज जरा हललासुद्धा. मी खूश. दोन वर्षांचा कोर्स करून आलेल्या माणसाला पहिल्याच भिंगात नंबर सापडला, की तो स्वतःची पाठ थोपटायला मोकळा. मी थोपटली.

नवीन चष्मा लावून सातव्या दिवशी ताईंनी दहा मिलिग्रॅमच्या गोळ्यांऐवजी चाळीसच्या गोळ्यांची पट्टी दिली. खोका तोच, रंग तोच, आकडा तेवढा वेगळा. घेणारे निवृत्त मास्तर होते. सवयीने त्यांनी तिथल्या तिथे तपासून चूक काढली, म्हणून निभावलं. मालकाने आरडाओरडा केला नाही. त्याने ताईंना काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत खोके लावायला बसवलं, एवढंच. अठरा वर्षांनी खोके. ताई चष्मा घेऊन आमच्याकडे परत आल्या त्या दुपारपर्यंत ही गोष्ट अख्ख्या रस्त्याला कळली होती आणि मला सगळ्यांत शेवटी.

आता मामा.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. दुकान त्यांचं. मी शाळा संपवून आमच्या लहानशा गावातून कोर्सला गेलो आणि तिथून थेट मामांकडे आलो. तेव्हापासून डोळे मी तपासतो, काचा मामा घासतात. आपला चष्मा कपाळावर ढकलून दिवसातून दोनदा तो शोधणं हा त्यांचा व्यायाम. बोटं जाड, पण त्या बोटांनी तिळाएवढा स्क्रू पहिल्या फटक्यात बसवतात. बोलण्याचं मात्र उलटं. वाक्य सुरू करतात, मध्यावर रस्ता संपल्यासारखे थांबतात आणि फडक्याने काहीतरी पुसायला लागतात. मामी म्हणते, लग्नाला होकारसुद्धा ह्यांनी मान हलवून दिला, चर्चच्या पाळकांना दोनदा विचारावं लागलं.

असा माणूस प्रभूवर मनापासून विश्वास ठेवतो आणि तो विश्वास दुसऱ्याला सांगितला पाहिजे असंही त्याला मनापासून वाटतं, ही त्याची अडचण. आमच्या मंडळीतली माणसं महिन्यातून एकदा दोघादोघांनी सुवार्ता सांगायला घरोघर जायची. मामांच्या जोडीला एक बोलघेवडे गृहस्थ होते, त्यामुळे मामांनी पिशवी धरायची आणि मान डोलवायची असं वर्षभर चाललं. एकदा ते गृहस्थ तापाने पडले. मामा एकटे गेले. पहिलंच दार उघडलं आणि समोर एक माणूस वाकडा चष्मा लावून उभा. मामांच्या तोंडून निघालं, "तुमची डावी काडी वर आहे." मग ते आत गेले, काडी सरळ केली, पेलाभर पाणी प्यायले आणि पत्रकांचा गठ्ठा जसाच्या तसा घेऊन परत आले. संध्याकाळच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, एक घर झालं. तिथे काय सांगितलंत, असं पाळकांनी विचारलं.

मामा म्हणाले, "स्क्रू ढिला होता."

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर मामांनी ते कार्ड केलं.

चष्म्याच्या दुकानात जवळची नजर तपासायला एक कार्ड लागतं. त्यावर आठ ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा बारीक. कंपनीकडून येणाऱ्या कार्डावर नुसते सुटे शब्द असतात: घर, दोरी, पाणी, उद्या, खिडकी. एक आजीबाई ते वाचून म्हणाल्या, वाचलं बाई सगळं, पण ह्यात सांगायचंय काय? मामांनी सांगितलं, काही नाही. मग चार दिवस हे उत्तर त्यांना चावत राहिलं. आपल्या दुकानात रोज वीस-पंचवीस माणसं लक्ष देऊन, मोठ्याने, एकेक अक्षर लावून वाचतात, आणि आपण त्यांच्या हातात दोरी आणि खिडकी देतो. पाचव्या दिवशी ते छापखान्यात गेले.

कोणती गोष्ट छापायची यावर घरात चर्चा झाली होती म्हणे. मामीचं मत पडलं की चष्म्याच्या दुकानाला आंधळ्याला दृष्टी मिळाल्याची गोष्ट शोभेल. मामा म्हणाले, गिऱ्हाईक ती वाचेल आणि म्हणेल, मग चष्मा कशाला घेऊ? तेव्हा त्यांनी घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट घेतली, प्रभूने सांगितलेली. ती आपल्या साध्या शब्दांत आठ ओळींत बसवली. छापखानेवाला म्हणाला, शेवटची ओळ इतकी बारीक, ती वाचणार कोण? मामांचं उत्तर तयार होतं: माझ्याकडून चष्मा घेईल तो.

आणि तसंच व्हायचं. वरच्या ओळीत मुलगा बापाकडे आपला वाटा मागतो. ही ओळ कोणालाही वाचता येते. दुसऱ्या ओळीत तो दूरदेशी जातो. तिसरी-चौथीत सगळं उधळतो. पाचव्या ओळीत तो उपाशी आहे आणि डुकरं राखतोय. पंचेचाळिशीचं गिऱ्हाईक बहुतेक इथे अडकतं. आमच्या दुकानात ही भाषाच झाली होती. मी आतून ओरडायचो, "काका डुकरांपर्यंत आलेत," की मामा न विचारता सव्वाची काच काढून ठेवायचे. डुकरांत अडकलेल्या माणसाला आम्ही भिंग लावायचो, आणि मग तो पुढचं आपलं आपण वाचायचा. मुलाला घर आठवतं, तो परत निघतो, आणि तळाच्या ओळीत बाप त्याला लांबूनच ओळखतो, धावत जातो आणि गळ्यात पडतो. बापाचा लांबचा नंबर शून्य असणार, असा विनोद मी पहिल्या वर्षी केला होता. मामा हसले, पण दुसऱ्या वेळी हसले नाहीत.

मामांचा नियम एकच, कार्डाच्या पलीकडे एक शब्द बोलायचा नाही. ही गोष्ट कोणाची, असं कोणी विचारलंच तर एका वाक्यात सांगायचं आणि स्क्रूकडे वळायचं. धर्माचं वाचणार नाही, असं बावीस वर्षांत दोघांनी सांगितलं. त्यांच्यासाठी कंपनीचं दोरी-खिडकीवालं कार्ड खणात होतं. मामांनी ते काहीही न बोलता पुढे केलं, दोघांचे नंबर बिनचूक निघाले आणि दोघेही अजून गिऱ्हाईक आहेत. याउलट ती गोष्ट वाचून एक शिंपी चर्चला यायला लागला. मागच्या बाकावर बसतो आणि उपदेश सुरू झाला की झोपतो. मामी अधूनमधून हिशेब करते, "बावीस वर्षांत एक शिंपी, तोही झोपतो."

मामांना हे लागायचं, पण ते दाखवायचे नाहीत. एकदाच मला म्हणाले होते, की आपण पोचवायचं, पोचलं का ते आपल्याला दिसत नाही. पण ते पोचत नसावं अशी त्यांना आतून धास्ती होती. माणसं वाचतात, चष्मा घेतात, जातात. एक मात्र खरं, की त्या कार्डाशिवाय मामांकडे सांगायला दुसरं तोंडच नव्हतं. ते होतं म्हणून बैठकीत ते मान वर करून बसू शकायचे.

तर त्या दुपारी ताई परत आल्या. मागच्या खोलीतल्या खोक्यांची धूळ बाह्यांवर तशीच. चष्मा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, हा लागत नाही. मी आधी काडी बघितली, मग नाकावरच्या गाद्या बघितल्या, मग काच बघितली. चिठ्ठीप्रमाणे सगळं बरोबर. तेव्हा मी शहाणपणा केला. चष्मा त्यांना घालायला लावला आणि कार्ड दिलं. ताईंनी पुन्हा तळापर्यंत घडाघडा वाचलं.

"बघा, वाचलंत की," मी म्हणालो. आवाजात थोडा कोर्स होता.

"वाचलं ना. पण तिथे गोळ्यांवरचं दिसत नाही."

"ताई, ज्या डोळ्यांना हे दिसतं त्यांना गोळ्यांवरचं दिसणारच. सवय व्हायला आठ दिवस लागतात."

"आठ दिवसांनी मला काउंटर मिळणार नाही, भाऊ."

मग आमचं जुंपलं. मी म्हणायचो नंबर बरोबर आहे, त्या म्हणायच्या डोळे माझे आहेत. बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला, टेबलावरचं फडकं घेऊन काचा पुसायला लागल्या, आणि ही ओळ तरी मी बरोबर वाचली ना, असं म्हणून तळाची ओळ पुन्हा म्हणून दाखवली. माझ्याकडे बघत. चष्मा हातात.

माझ्या लक्षात काहीच आलं नाही. मी हो म्हणालो.

आत घासायचं चाक चालू होतं ते थांबलं. मामा बाहेर आले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, ताईंच्या हातातून कार्ड हळूच काढून घेतलं आणि त्याच्या जागी एका डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीबरोबर आलेला घडीचा कागद दिला. चष्मा लावायला सांगितला. वाचा म्हणाले.

ताईंनी कागद जवळ घेतला. लांब धरला. उजेडाकडे वळवला. पहिली ओळ लागली, दुसरीत दोन शब्द लागले. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"पाठ आहे तुम्हाला," मामा म्हणाले.

ताईंचा चेहरा एकदम उतरला, चोरी पकडल्यासारखा. मी फसवलं नाही हो, असं त्या पुन्हा पुन्हा सांगायला लागल्या, आणि ते खरंच होतं. त्या आईला डोळ्यांच्या तपासणीला आणायच्या तेव्हा आमच्या बाकावर तासतासभर बसायच्या. आमच्याकडे वाचणारा मोठ्याने वाचतो. बाकावरच्यांना तीच गोष्ट एका बैठकीत पाच-सहादा ऐकू येते. "तोंडातून आपोआप आलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मला दिसतंय."

मामा बराच वेळ कार्डाकडे बघत होते. मला वाटलं आता मला झाडणार. पण ते बाकावर जाऊन बसले, जिथे गिऱ्हाईकं बसतात तिथे, आणि तिथून आतल्या खुर्चीकडे बघत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "किती जणांना?"

हा प्रश्न मला नको होता.

नोंदवही काढली. ज्यांनी पहिल्याच भिंगात तळापर्यंत वाचलं होतं अशी गेल्या दोन वर्षांतली माणसं मी वेगळी काढली. नेहमी येणारी, बाकावर बसणारी, शेजारपाजारची. त्रेपन्न निघाली. मी मामांना समजावलं, की सगळ्यांचं थोडंच चुकलं असेल, ज्यांना त्रास होईल ते येतील. मामा म्हणाले, ज्याला धूसर दिसतं त्याला वाटतं जगच तसं आहे, तो कशाला येईल? मग मी निरोप पाठवत बसलो. कारण काय सांगायचं, असं विचारलं तर म्हणाले, खरं ते.

खरं ते सांगितल्यावर रस्त्याची करमणूक झाली. न्हाव्याने दुकानात येऊन चष्म्याशिवाय, डोळे मिटून, आठही ओळी म्हणून दाखवल्या आणि मानधन मागितलं. झेरॉक्सवाल्याच्या बायकोला तर चौथी ओळ मामांपेक्षा चांगल्या शब्दांत येत होती. कंपनीच्या कार्डावर तपासल्यावर त्रेपन्नातले अकरा नंबर चुकलेले निघाले. अकरा जोड्या काचा मामांनी नव्याने घासल्या. मामीने कपाळावर हात मारला, पण बोलली ते वेगळंच. "इतकी वर्षं म्हणत होतात, गोष्ट लोकांपर्यंत पोचत नाही. घ्या. पाठ झाली."

मामा यावर हसले असते तर बरं झालं असतं.

पण ताईंचं काम आधी झालं. त्यांचा खरा नंबर पावणेदोन निघाला, काच मामांनी त्याच संध्याकाळी बसवली, आणि चष्मा घेऊन ते स्वतः औषधाच्या दुकानात गेले. मला बरोबर नेलं नाही. पुढचं ताईंकडून कळलं. मामांनी मालकासमोर उभं राहून दोन वाक्यं पूर्ण केली, मध्ये न थांबता: चूक ताईंची नाही, आमच्या तपासणीची आहे, आता हा चष्मा लावून त्या तुमच्या सगळ्यांत बारीक अक्षरांची पट्टी वाचतील. ताईंनी चार पट्ट्या वाचल्या. मालक म्हणाला, मामा, तुमची गोष्ट चांगली असेल हो, पण ती दुकानात कशाला? मामांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ताई काउंटरवर होत्या.

अकरावी जोडी घासून झाली त्या रात्री जेवताना कार्डाचा निकाल लागला. म्हणजे मी आणि मामीने ते वाचवायचा प्रयत्न केला. दर महिन्याला गोष्ट बदलू, मी म्हणालो, शंभर मेंढरांची घ्या, हरवलेल्या नाण्याची घ्या. मामा म्हणाले, बाक तोच आहे, महिन्यात तीही पाठ होईल. मामी म्हणाली, मग भिंतीवर लावा. मामांचं म्हणणं, भिंतीवरचं कोणी वाचत नाही, भिंतीवर आपण परवान्याची चौकट लावलीय, ती तू कधी वाचलीस? मग मी शेवटचा मुद्दा काढला. बावीस वर्षं चाललंय, अकराच चुकले.

मामांनी ताटातला हात थांबवला. "तो माणूस माझ्याकडे डोळे घेऊन येतो," ते म्हणाले. "माझ्या गोष्टीपायी त्याला चुकीची काच गेली, तर माझी गोष्ट त्याने खरी का धरावी?"

सकाळी कार्डांची अदलाबदल झाली. गोष्ट खणात, दोरी-खिडकी टेबलावर.

दुकान चाललं तसंच चाललं. नंबर बरोबर यायला लागले. गिऱ्हाईकं "घर, दोरी, पाणी" वाचायची, आणि मला आतून ओरडायला काही उरलं नाही. "काका खिडकीपर्यंत आलेत" यात मजा नव्हती. मामा काचा घासायचे, पण चाक थांबलं की थांबलेलंच राहायचं. सुवार्तेच्या बैठकीला गेले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. मामीने मला डोळ्याने खुणावलं की पोट ठीक आहे.

पाच-सहा जणांनी गोष्टीबद्दल विचारलं. एकदा मामांनी तोंडी सांगायचा प्रयत्नही केला. गिऱ्हाईक एक ट्रकवाला होता, काडी तुटली म्हणून आलेला. मामांनी सुरुवात केली, एक मुलगा होता, त्याने बापाकडे, आणि तिथे स्क्रू हातातून पडला. दोघं गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधत राहिले. सापडल्यावर ट्रकवाल्याने विचारलं, मुलाचं काय म्हणत होता? मामा म्हणाले, काही नाही, तुमची काडी झाली. तो गेल्यावर बराच वेळ ते फडक्याने काउंटर पुसत होते. काउंटर स्वच्छ होता.

महिन्याभराने ताई आईचा चष्मा घेऊन आल्या. गाद्या बदलायच्या होत्या. मामा कामाला बसले, ताई बाकावर बसल्या. दुकानात तिसरा मीच, आणि मी वहीत डोकं घालून असल्याचं दाखवत होतो. ताईंनी टेबलावरचं कार्ड उचललं, चष्मा लावून तळापर्यंत वाचलं आणि ठेवून दिलं.

"माझ्यामुळे गेली ना तुमची गोष्ट?"

मामांनी नाही अशी मान हलवली.

"मला एक विचारायचं होतं त्यातलं. कार्डाला कसं विचारणार?" ताई थांबल्या. "त्या बापाला तो एकच मुलगा होता का?"

मामांच्या हातातली पकड तशीच राहिली. मी वहीतून वर बघितलं. बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"दोन होते," मामा म्हणाले. "दुसऱ्याला जागा पुरली नाही. आठच ओळी होत्या."

"तो घरी राहिलेला?"

"हो. थोरला."

ताई सांगायला लागल्या, तक्रार केल्यासारखं नाही, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगतात त्या सुरात. धाकटा भाऊ नऊ वर्षांपूर्वी आपला वाटा घेऊन गेला. त्यासाठी घर विकावं लागलं. तेव्हापासून आई आणि त्या दोन खोल्यांत राहतात. आईला दुपारी झोप लागत नाही, खुर्ची खिडकीशी लावावी लागते, रस्ता दिसेल अशी. आईच्या नंबरासाठी त्या आमच्याकडे तीन-तीनदा यायच्या ते याच पायी. तिला जवळचं नको असतं, लांबचं दिसायला हवं असतं.

"तो आला ना, तर आई धावेल," ताई म्हणाल्या. "गुडघे गेलेत, तरी धावेल. मग मी कुठे उभं राहायचं, मामा?"

मला उठून आत जावंसं वाटलं, पण उठलो असतो तर खुर्ची वाजली असती.

मामांनी पकड खाली ठेवली. आणि मग त्या माणसाने, ज्याने लग्नाला मान हलवून होकार दिला होता, गोष्टीचा राहिलेला भाग सांगितला. सलग नाही सांगितला. तीन वेळा थांबले, एकदा मागे गेले. थोरला शेतात होता. घराजवळ आला तर आत गाणंबजावणं. धाकटा परत आला म्हणून, हे त्याला नोकराकडून कळलं. त्याला राग आला. मी इतकी वर्षं राबलो, माझ्यासाठी कधी कोणी काही केलं नाही, असं म्हणाला आणि आत जाईना. "तेव्हा बाप त्याच्यासाठीही बाहेर आला," मामा म्हणाले. "पाहुणे सोडून. त्याची समजूत घालत उभा राहिला. माझं आहे ते सगळं तुझंच आहे, म्हणाला."

"मग तो आत गेला?"

"ते सांगितलेलं नाही."

"म्हणजे?"

"गोष्ट तिथेच संपते. दोघं बाहेर उभे."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्हाला काय वाटतं? गेला असेल?"

मामांनी तोंड उघडलं. त्यांनी तोंड मिटलं, आईच्या चष्म्याची दुसरी गादी बसवली, काचेवर फुंकर मारली.

"सांगतो," ते म्हणाले. "आज नाही. पण सांगतो."

"मी विचारणार हं परत," ताई म्हणाल्या आणि चष्मा घेऊन गेल्या.

याला आता चार महिने झाले. मामा त्या महिन्यापासून बैठकीला पुन्हा जायला लागले. पाळकांना त्यांनी हा प्रश्न विचारला, पाळकांनी पाऊण तास उत्तर दिलं आणि दोन पुस्तकं दिली. मामांनी दोन्ही वाचली. मी विचारलं, मग सांगून टाका ना ताईंना. ते म्हणाले, ताईंनी मला काय वाटतं ते विचारलंय, पाळकांना काय वाटतं ते नाही. मी म्हणालो, एवढं काय आहे, सांगा, गेला म्हणून, त्यांना बरं वाटेल. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू नंबरही असेच काढतोस," म्हणाले.

तोंडी सांगणं मात्र थोडं सुरू झालंय. आता कोणी विचारलं तर ते गोष्ट सांगतात, दोन्ही मुलांची, थांबत थांबत. तीन गिऱ्हाईकांनी मधेच घड्याळ बघितलं. एकाने वाद घातला, की थोरल्याचंच बरोबर होतं. मामा त्याच्याशी अर्धा तास बोलले. मी भिंतीवरच्या घड्याळात मोजलं. मामीला सांगितलं तर तिने विश्वास ठेवला नाही.

ताई काही ना काही काढून येतात. कधी काडी ढिली, कधी डबीचं झाकण लागत नाही. काम झालं की उठताना विचारतात, "झालं का, मामा?" मागच्या आठवड्यातही आल्या होत्या. मामांनी चष्मा हातात घेतला, उजेडाकडे धरला, दोन्ही स्क्रू बघितले. ढिला एकही नव्हता. तरी त्यांनी ते आवळल्यासारखं केलं.

"अजून नाही, ताई."

"राहू दे. मी कुठे पळून चाललेय."

औषधांची गाडी आली होती. ताई घाईने निघून गेल्या. ताई आपल्या दुकानात शिरेपर्यंत मामा दारात उभे होते, मग आत येऊन त्यांनी चाक सुरू केलं. उत्तर द्यायचं राहिलेलंच आहे.